गाडीतल्या सबवूफरचे खोके: आधी लिटर, मग लाकूड

सबवूफरचा सुटा स्पीकर टेबलावर ठेवून ॲम्प्लिफायरला जोडला, तर त्याचा पडदा डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका मागेपुढे होतो, पण अपेक्षित घुमारा काही ऐकू येत नाही. तोच स्पीकर योग्य खोक्यात बसवला की तेवढ्याच विजेवर गाडीच्या काचा थरथरू लागतात. पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि नेमक्या त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे साडेआठ मीटर असते, तर स्पीकरच्या पुढच्या अंगापासून मागच्या अंगापर्यंतचे अंतर जेमतेम वीतभर भरते. त्यामुळे समोरचा दाब कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढतो आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडून टाकतात.

ही पुढची आणि मागची हवा एकमेकींपासून तोडणे हे खोक्याचे पहिले काम, आणि बहुतेकांना तेवढेच ठाऊक असते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबला, तर आत कोंडलेली हवा दांड्याला परत ढकलते. खोक्यातली हवाही पडद्याला अशीच ढकलते. म्हणजे ती एक स्प्रिंग आहे. खोके लहान तर स्प्रिंग ताठ, खोके मोठे तर स्प्रिंग मऊ. म्हणून खोके बांधणे म्हणजे स्पीकरला वेष्टन घालणे नव्हे. स्पीकरच्या यंत्रणेतला उरलेला अर्धा भाग आपण सुतारकामाने पुरा करत असतो. डिकीत किती जागा आहे, खोके कसे दिसेल, हे प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. आधी किती लिटर हवा हवी ते ठरवावे लागते.

कोंडलेल्या हवेला स्प्रिंग म्हणून मुद्दाम कामाला लावण्याची युक्ती अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली एआर-१ या स्पीकरमध्ये व्यवहारात आणली. त्यांनी पडद्याची स्वतःची लवचीक कड मुद्दाम सैल ठेवली आणि पडद्याला जागेवर आणण्याचे मुख्य काम बंद खोक्यातल्या हवेवर सोपवले. त्यापूर्वी खोल बेस हवा असेल तर कपाटाएवढे खोके लागत असे. पुढे ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या साऱ्या वर्तनाचे गणित मांडले. आज सबवूफरसोबत जो माहितीचा कागद मिळतो, त्यावरच्या आकड्यांना या दोघांच्याच नावाने ओळखले जाते.

कागदावरचे आकडे

त्या कागदावर पंधरा-वीस आकडे असतात, पण बंद खोक्यासाठी तीन पुरतात. पहिला एफएस: स्पीकर खोक्याबाहेर मोकळा असताना त्याचा पडदा ज्या वारंवारतेला सर्वांत सहज झुलतो ती वारंवारता. दुसरा व्हीएएस, ज्याचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. अनेकजण तो खोक्याचा सुचवलेला आकार समजतात. प्रत्यक्षात जितक्या लिटर हवेचा ताठरपणा स्पीकरच्या स्वतःच्या कडेच्या व स्पायडरच्या (पडद्याला मागून धरून ठेवणाऱ्या लवचीक चकतीच्या) ताठरपणाइतका भरतो, तितके लिटर म्हणजे व्हीएएस. तिसरा क्यूटीएस: झुलू लागलेला पडदा किती लवकर आवरला जातो याचे माप. चुंबक जोरदार असेल तर पडदा लगेच आवरतो आणि हा आकडा लहान असतो.

स्पीकर बंद खोक्यात बसवला की हवेची स्प्रिंग त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगमध्ये मिळते, त्यामुळे झुलण्याची वारंवारता वर सरकते आणि आवरणे थोडे ढिले पडते. किती, ते एका गुणकावरून कळते: व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागावे, त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. या गुणकाने एफएसला गुणले की खोक्यातली नवी वारंवारता मिळते, आणि क्यूटीएसला गुणले की क्यूटीसी हा अंतिम आकडा मिळतो. खोके कसे वाजणार हे मुख्यतः हा क्यूटीसी सांगतो. तो ०.७०७ असेल तर प्रतिसाद शक्य तितका सपाट राहून मग सौम्यपणे उतरतो. १ च्या वर गेला तर उताराच्या आधी उंचवटा तयार होतो आणि प्रत्येक गाण्यात एकच सूर पुन्हा पुन्हा घुमल्यासारखा वाटतो. अर्ध्याच्या आसपास आवाज अतिशय आटोपशीर होतो, परंतु खोके फार मोठे लागते.

एक उदाहरण करून पाहू. समजा ३० सेंटिमीटरचा, म्हणजे बोलीभाषेत बारा इंची, एक स्पीकर आहे. त्याचा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर. क्यूटीसी ०.७०७ हवा असेल तर ०.७०७ ला ०.४५ ने भागून साधारण १.५७ हा गुणक येतो. त्याचा वर्ग २.४७, त्यातून १ वजा केला की १.४७, आणि ६० ला १.४७ ने भागले की खोके साधारण ४१ लिटरचे हवे असे उत्तर मिळते. त्यात पडद्याची वारंवारता २८ ला १.५७ ने गुणून ४४ हर्ट्झ होईल.

आता डिकीत एवढी जागा नाही म्हणून खोके २५ लिटरचे केले, तर काय बिघडते? क्यूटीसी ०.८३ होतो आणि वारंवारता जवळपास ५२ हर्ट्झवर जाते. ऐकताना मात्र फरक या आकड्यांइतका मोठा जाणवत नाही. ४५ हर्ट्झच्या आसपास दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच वाजतात. लहान खोक्यात ६०-७० हर्ट्झचा भाग किंचित भरदार होतो आणि २५ हर्ट्झपाशी सुमारे २ डेसिबलचे नुकसान होते. म्हणजे बंद खोके थोडीफार चूक पोटात घालते. पहिल्यांदा खोके बांधणाऱ्याने बंदच बांधावे असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

गाडी स्वतः काय करते

दुसरे कारण गाडीतच दडलेले आहे. घरातल्या खोलीत आणि गाडीत बेस सारखा वागत नाही. ध्वनीची अर्धी तरंगलांबी गाडीच्या आतल्या सर्वांत मोठ्या लांबीपेक्षा जास्त झाली की लहरीला पसरायला जागा उरत नाही आणि सबवूफर साऱ्या केबिनमधली हवा एकदम दाबू-सोडू लागतो. आतली लांबी २.८ मीटर धरली तर हे सुमारे ६० हर्ट्झच्या खाली सुरू होते. तिथून खाली, वारंवारता निम्मी होईल तसा आवाज तत्त्वतः १२ डेसिबलने वाढत जातो. बंद खोक्याचा आवाज आपल्या वारंवारतेखाली दर सप्तकाला, म्हणजे वारंवारता निम्मी होईल तसा, १२ डेसिबलनेच उतरतो. एकाचा उतार आणि दुसऱ्याचा चढ परस्परांना सावरतात, आणि घरात किरकोळ वाटणारे बंद खोके गाडीत ३० हर्ट्झच्याही खाली दमदार वाजते. प्रत्यक्षात पत्रा लवतो, दारांच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे पूर्ण १२ डेसिबल कधीच मिळत नाहीत. मात्र जे मिळते तेही थोडके नाही. डिकी वेगळी असलेल्या सेडान गाडीत आसनाची पाठ आणि मागची फळी यांतून वाट काढत आवाज पुढे येतो, म्हणून तोच स्पीकर, तेच खोके हॅचबॅकमध्ये अधिक मोकळे वाटते.

नळीचे खोके

जोर जास्त हवा असेल तर खोक्याला नळी, म्हणजेच पोर्ट, बसवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो; बाटलीच्या गळ्यातली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. या रचनेला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे नाव आहे. नळीचे खोके म्हणजे हीच बाटली, फक्त फुंकर मारायला आत स्पीकर बसवलेला. जुळवलेल्या वारंवारतेला, जिला ट्यूनिंग म्हणतात, नळीतली हवा जोराने हलते आणि पडदा जवळजवळ स्थिर राहतो. आवाजाचे बहुतेक काम तेव्हा नळी करत असते.

नळीची लांबी काढण्याचे सूत्र असे. गोल नळीच्या सेंटिमीटरमधील व्यासाचा वर्ग २३,५६२.५ ने गुणावा, त्याला ट्यूनिंगच्या वर्गाने आणि खोक्याच्या लिटरने भागावे, आणि उत्तरातून व्यासाची ०.७३ पट वजा करावी. ५० लिटरचे खोके ३४ हर्ट्झला जुळवायचे असेल तर १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ३३ सेंटिमीटर लांब हवी. हा व्यास अरुंद वाटून १५ सेंटिमीटरची नळी घ्यायचे ठरवले, तर तिची लांबी ८० सेंटिमीटर भरते आणि ती खोक्यात मावतच नाही. अरुंद नळी घेतली की हवा वेगाने जाते आणि फुसफुस ऐकू येते. साधारण सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ५ टक्के, ही मर्यादा पाळावी असा संकेत आहे. रुंद नळी घेतली तर ती लांबते आणि तिने व्यापलेले लिटर पुन्हा खोक्यात मिळवावे लागतात. या ओढाताणीतूनच नळीच्या खोक्यांची अवाढव्य मापे निघतात. नळीचे आतले तोंड समोरच्या भिंतीपासून किमान एका व्यासाइतके दूर ठेवायचे, हेही विसरून चालत नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. ट्यूनिंगच्या खाली गेल्यावर नळीतून हवा नुसती आत-बाहेर होते, तिची स्प्रिंग उरत नाही आणि पडदा आवरणारे कोणीच राहत नाही. अशा वेळी पुरेशा शक्तीचा ॲम्प्लिफायर व्हॉइस कॉइलला, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, तिच्या जागेबाहेर फेकू शकतो. त्यासाठी ॲम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अतिखोल सूर अडवणारी सोय, ट्यूनिंगच्या थोडा खाली लावणे ही सक्तीची बाब समजावी. शिवाय या खोक्याचा उतार दर सप्तकाला २४ डेसिबलचा असतो, तेव्हा गाडीचा चढ त्याला पुरता सावरू शकत नाही.

कोणता स्पीकर कोणत्या खोक्याचा, याचा ढोबळ अंदाज एफएसला क्यूईएसने (त्याच कागदावरचा, क्यूटीएसमधला फक्त विद्युत-चुंबकीय आवरण्याचा आकडा) भागून येतो: उत्तर ५० च्या आसपास किंवा कमी असेल तर बंद, १०० च्या पुढे असेल तर नळीचे. आपल्या उदाहरणातल्या स्पीकरचा क्यूईएस ०.५ धरला तर उत्तर ५६ येते, म्हणजे कल बंद खोक्याकडे. आणि कोणी लहान खोके, खोल बेस आणि कमी विजेत मोठा आवाज असे तिन्ही एकदम देऊ करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. या तिन्हींपैकी दोनच मिळतात. अमेरिकी ध्वनितज्ज्ञ अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम सांगितला जातो, आणि त्याला पळवाट अजून सापडलेली नाही.

लिटरचे सेंटिमीटर

४१ लिटर ही स्पीकरला मिळायची निव्वळ हवा झाली. स्पीकरचा चुंबक आणि सांगाडा आत शिरून सुमारे अडीच लिटर जागा घेतो, आतल्या आधारपट्ट्या दीड लिटर. म्हणजे आतून ४५ लिटरचे खोके हवे. आसनाची पाठ मागे कललेली असते, म्हणून खोक्याची तिला टेकणारी बाजू तिरकी ठेवतात, वर अरुंद आणि खाली रुंद. आतली रुंदी ६४, उंची ३६, वरची खोली १४.५ आणि खालची २४.५ सेंटिमीटर घेतली, तर सरासरी खोली १९.५ होते आणि गुणाकार ४५ लिटरला अगदी जवळ येतो. तिरक्या बाजूचा कल साडेपंधरा अंश भरतो. करवत त्याच कोनात लावून वरच्या व खालच्या फळीच्या कडा कापाव्या लागतात. कापण्यापूर्वी स्पीकरची बसण्याची खोली मोजून चुंबकामागे तीन-चार सेंटिमीटर मोकळे राहतात ना, हे पाहावे.

ही सर्व मापे आतली आहेत, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. १८ मिलिमीटरच्या फळ्यांनी बनवलेले हेच खोके बाहेरून मोजले तर ६२ लिटरचे दिसते, आणि बाहेरची मापे ४५ लिटरला जुळवून कापलेल्या फळ्या मग दुसऱ्या कशाच्याही उपयोगी पडत नाहीत. दुसरे असे की, डिकीच्या आतली जागा मोजताना डिकीचे तोंडही मोजावे. माझे पहिले खोके आत अगदी चपखल बसले असते, पण तोंडातून आत जाईना.

फळ्या इतक्या जाड का, हेही आकड्यांतूनच कळते. या स्पीकरच्या पडद्याचे क्षेत्रफळ ४८० चौरस सेंटिमीटर आणि एका दिशेचा प्रवास १२ मिलिमीटर धरला, तर तो एका धक्क्यात अर्ध्या लिटरहून थोडी अधिक हवा सारतो. ४१ लिटरच्या बंद खोक्यात त्याने सुमारे २,००० पास्कल दाब वाढतो. ६४ बाय ३६ सेंटिमीटरच्या भिंतीवर तो ४७ किलो वजनाइतका जोर होतो, आणि ४० हर्ट्झच्या सुराला हा जोर सेकंदाला ४० वेळा आतून बाहेर आणि बाहेरून आत असा उलटतो. भिंत लवली की ती स्वतःच बेसूर वाजू लागते. म्हणून मोठ्या भिंतींच्या मध्याजवळ, पण बरोबर मध्यावर न ठेवता जरा बाजूला, समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारी आधारपट्टी हवीच. माझ्या मते फळी १८ वरून २५ मिलिमीटर करण्यापेक्षा एक आधारपट्टी अधिक काम करते आणि वजनही वाढवत नाही.

लाकूड आणि जोडणी

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली फळी, एकसंध असतो, सरळ कापला जातो आणि त्याची कड गुळगुळीत येते. मात्र तो जड असतो आणि पाणी लागले की फुगतो. वरच्या मापाच्या खोक्याला नुसत्या लाकडाचेच सुमारे १२ किलो होतात. चांगला बर्च प्लाय हलका, ताठ आणि स्क्रू घट्ट धरणारा असतो, फक्त महाग पडतो. चिपबोर्ड टाळावा. एमडीएफचा भुसा अतिशय बारीक असून त्यात राळ असते, तेव्हा तो कापताना तोंडाला चांगला मास्क आणि मोकळी हवा हवी.

सारख्या मापाच्या फळ्या करवतीची मांडणी न बदलता एकामागून एक कापल्या, तर मिलिमीटरभराची चूकही दोन्हींत सारखीच होते आणि सांधे जुळतात. सांध्याची ताकद लाकडाच्या पांढऱ्या गोंदात असते. स्क्रू फक्त गोंद सुकेपर्यंत फळ्या आवळून धरतात. एमडीएफच्या कडेत स्क्रू घालण्याआधी बारीक छिद्र पाडले नाही, तर फळी पापुद्र्यांत फाटते. प्रत्येक सांध्याला गुण्या लावून पाहावे, क्लॅम्पने आवळावे आणि आतल्या सर्व कोपऱ्यांतून गोंदाची सलग रेघ बोटाने फिरवावी. सिलिकॉन वापरले तर त्यातून निघणारी आम्लाची वाफ स्पीकरच्या भागांना बाधू शकते, म्हणून ते पुरते सुकेपर्यंत स्पीकर बसवू नये. स्पीकरचे भोक राउटरने कापले तर उत्तम, जिगसॉनेही चालते, पण व्यास कागदावरून न घेता स्पीकर हातात घेऊन मोजावा. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी आणि स्क्रूऐवजी टी-नट व बोल्ट वापरल्यास तो पुन्हा पुन्हा काढता-बसवता येतो. तारांच्या टर्मिनलचे भोक ही गळतीची सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. वरून कापड, गालिचा किंवा रंग काय लावायचे हा आवडीचा भाग. कडांना मात्र आधी पातळ केलेला गोंद पाजावा, म्हणजे ओल आत शिरत नाही.

जोडताना दोन व्हॉइस कॉइल असलेल्या स्पीकरकडे नीट पाहावे. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम आणि एकापुढे एक जोडल्या तर ८ ओहम होतात. ॲम्प्लिफायर किती ओहमपर्यंत झेपतो ते आधी पाहावे. बॅटरीपासून येणाऱ्या मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण तो ॲम्प्लिफायरपाशी लावला तर मधली सारी तार असुरक्षित राहते. जोडणीची दिशा तपासायला दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवावा; धन टोक धन टर्मिनलला लागले की पडदा बाहेर यायला हवा.

पहिली परीक्षा

खोके वाजवण्यापूर्वी ३० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावून ओला हात सर्व सांध्यांवरून आणि टर्मिनलभोवती फिरवावा. गळती असेल तिथे गार झुळूक लागते किंवा फुसफुस ऐकू येते. नळीच्या खोक्यात ट्यूनिंग जमले की नाही हे डोळ्यांनीही दिसते: सूर हळूहळू खाली आणताना पडद्याची हालचाल जिथे सर्वांत कमी होते ती वारंवारता म्हणजे खरे ट्यूनिंग. ते अपेक्षेपेक्षा खाली आले असेल तर नळी थोडी कापावी; वर गेले असेल तर लांब नळी आणावी लागते, म्हणून सुरुवातीला नळी जराशी लांबच ठेवणे शहाणपणाचे.

स्पीकरसह वीस-पंचवीस किलोंचे हे खोके डिकीत नुसते ठेवू नये. जोराचा ब्रेक लागला की ते आसनाच्या पाठीवर आदळते, तेव्हा पट्ट्यांनी किंवा कोनपट्ट्यांनी ते गाडीच्या मजबूत भागाला बांधावे. खाली सुटे चाक असेल तर ते काढण्याची सोयही राहू द्यावी. मग चालकाच्या जागेवर बसून ॲम्प्लिफायरवरचा फेजचा, म्हणजे लहरीची दिशा उलटवणारा, खटका दोन्ही बाजूंना फिरवून ऐकावे आणि ज्या बाजूला पुढच्या स्पीकरांशी जुळून बेस भरीव लागतो, तिथे तो ठेवावा.

इतके करूनही आवाज किंचित घुमल्यासारखा वाटला तर खोके लहान पडले असे समजावे आणि त्यात पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरावा. हवेच्या दाबण्याने होणारी उष्णता तो शोषतो, आणि व्यवहारात खोके दहा-वीस टक्के मोठे झाल्यासारखे वागते. उलट खोके मोठे झाले असेल तर आत लाकडाचा एखादा भरीव ठोकळा स्क्रूने पक्का केला की हवे तितके लिटर कमी होतात. मापाबद्दल शंका असेल तेव्हा खोके एखाद-दोन लिटर मोठेच कापावे ते याचसाठी.